पाडव्याला आईचं साल

आईच्या कामाचा भाव मी पहिल्यांदा काढला तो लॅपटॉपवर, रंगीत रकाने पाडून, आणि तो साफ चुकला.

गेल्या पाडव्याच्या चार-पाच दिवस आधीची गोष्ट. एम.कॉम. संपवून मी कलबुर्गीहून घरी येऊन बसले होते. नोकरीचं पत्र यायचं होतं. औरादच्या अलीकडे सात किलोमीटरवर आमचं गाव. घरात अप्पा, आई आणि मी. शाळेची सगळी वर्षं मी बीदरच्या इंग्रजी शाळेच्या होस्टेलवर काढली, त्यामुळे असेल, आपल्याच घरात मी थोडी पाहुणीसारखी असते. कोपरा धरून बसायचं, बघायचं, कुणी विचारलं तर तेवढ्यापुरतं उत्तर द्यायचं. बोलायच्या आधी वाक्य मनात दोनदा म्हणून बघते, तोवर विषय पुढे गेलेला असतो.

त्या संध्याकाळी अण्णाचा फोन आला. अण्णा म्हणजे माझा मोठा भाऊ. तो आणि वहिनी बीदरला राहतात. वहिनी नर्स आहे. बाळंतपणाची रजा संपून पाडव्यानंतरच्या सोमवारी तिला ड्यूटीवर हजर व्हायचं होतं, आणि सहा महिन्यांच्या बाळीला दिवसभर कोण सांभाळणार हे ठरत नव्हतं. अप्पांनी फोन स्पीकरवर टाकला. ते नेहमीच टाकतात.

"एक बाई बघितली," अण्णा सांगत होता. "नऊ हजार मागतेय. अन् पाच वाजले की निघाली. रविवारी येणार नाही. म्हटलं, आई असताना बाहेरची बाई कशाला?"

"व्हय की," अप्पा म्हणाले. "नात हाय तिची. येईल की."

"पाडव्याला येतो आम्ही. जाताना घेऊनच जातो."

"या, या."

आई तिथून चार हातांवर चुलीपाशी बसून भाकरी थापत होती. तिला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं नाही हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. माझ्या आलं, कारण तव्यावरची भाकरी तिनं उशिरा उलटली. करपलेली ती भाकरी तिनं मग स्वतःच्या ताटात घेतली.

मला माहीत होतं ती काय सोडून जाणार होती. आजी पाच वर्षं अंथरुणाला खिळून होती आणि तिचं सगळं आईनं केलं. आजी गेली त्याला दीड वर्ष झालं होतं. तेव्हापासून आईला दुपार मिळायला लागली होती. त्या दुपारी ती कडक भाकरी करायची: ज्वारीची, पापडासारखी पातळ, वाळवून कुरकुरीत केलेली, महिनाभर टिकणारी. औरादच्या एका खानावळीनं एकदा मागवल्या, मग दर आठवड्याला मागवायला लागली. एका भाकरीचे आठ रुपये. पहिले पैसे हातात आले तेव्हा आई हसून म्हणाली होती, "बत्तीस वर्षं हीच भाकरी घरात गेली तवा हिला भाव नव्हता. सात किलोमीटर गेली की आठ रुपये आले." तिनं बँकेत खातं काढलं होतं. पासबुक भरून आणायला ती मला पाठवायची आणि आणलं की उभ्या उभ्याच वाचायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती भाकऱ्या उन्हात मांडत होती. मी टोपली धरून होते. मधेच तिनं विचारलं, "बीदरची बाई नऊ हजार कामून मागती ग? कशाकशाचे?"

हा प्रश्न कुणीतरी मला विचारावा म्हणून मी जणू पाच वर्षं कॉमर्स शिकत होते. मी टोपली खाली ठेवली आणि लॅपटॉप उघडला. हैदराबादला काम करणाऱ्या मैत्रिणीला मेसेज केले, कलबुर्गीच्या खोलीमालकिणीला विचारलं, फोनवर एजन्सीचे दर बघितले. बारा तास मूल सांभाळणं अठरा हजार. दोन वेळचा स्वयंपाक सहा हजार. धुणं, भांडी, झाडलोट वेगवेगळी. रात्री बाळ उठलं तर त्याचे वेगळे, कारण एजन्सी ते वेगळे लावते. बाळाला तेल लावून अंघोळ घालायला येणाऱ्या बाईचा दर तर मला खराच वाटेना. संध्याकाळपर्यंत बेरीज आली अडतीस हजार चारशे. माझे कान गरम झाले होते. आईपुढे लॅपटॉप ठेवून मी एकेक ओळ वाचून दाखवली.

ती शांतपणे ऐकत होती. शेवटचा आकडा ऐकून म्हणाली, "ही बाई कोण हाय?"

"तूच."

"येवढं सगळं करती? मरंल की ती."

मागच्या दाराच्या पायरीवर आमचा सालगडी चहा घेत बसला होता. सालगडी म्हणजे वर्षाच्या कराराने शेतावर राहणारा माणूस. हा आमच्याकडे नऊ वर्षांपासून आहे. पन्नाशीचा, बारीक अंगाचा, मान खाली घालून बोलणारा. त्यामुळे तो थट्टा करतोय की खरं बोलतोय ते कळायला वेळ लागतो. आईला तो अक्का म्हणतो.

"ताई," तो मला म्हणाला, "मी औताचे इतके, पाण्याचे इतके, वैरणीचे इतके असं धरून सांगितलं तर अप्पा दोन लाख देतील का?"

"नाही."

"मग मी सांगतच न्हाई तसं. मी साल सांगतो. पाडवा ते पाडवा हा माणूस तुमचा. पाऊस पडला, काम न्हाई, बसून राहिला तरी तुमचा. बसायचे बी पैसे हायेत त्यात. तुम्ही कामं मोजायलाव. अक्का कामात न्हाई जायली, अक्का आख्खी जायली."

मी लॅपटॉप मिटला. पाच वर्षं मी जे शिकले होते ते हा माणूस बशीतला चहा फुंकता फुंकता बोलून गेला होता. मूल झोपलेलं असताना त्याच्या शेजारी नुसतं बसायचं असतं, उठून कुठे जाता येत नाही, त्याचा रकाना माझ्या शीटमध्ये नव्हता.

भाकऱ्या गोळा करताना आईनं त्याला विचारलं, "सुट्टी किती घेतो तू सालात?"

"महिन्याला दोन. जास्त झाले की खाडा पडतो, पैसे कापतेत."

"अन् उचल?"

"उचल तर घ्यायचीच, अक्का. आधी हातात पैसे घ्यायचे. त्याबिगर साल बोललं असं होत न्हाई."

ती हे विचारपूस म्हणून विचारतेय असं मला वाटलं. त्यालाही तसंच वाटलं असावं.

पाडव्याला आमच्या ओट्यावर सालं बोलली जातात. घरात आम्ही उगादी म्हणतो, लिंबाचा पाला आणि गूळ वाटतो, पण सालाच्या बाबतीत सगळा गाव पाडवाच म्हणतो. सकाळी चटई टाकतात, मधे पान-सुपारीचं ताट. गडी आणि मालक समोरासमोर बसतात, गावातली दोन जाणती माणसं बाजूला. आकडा, ज्वारी, कपडे, चपला, सुट्ट्या, सगळं तोंडी ठरतं. ठरलं की मालक गड्याच्या हातात सुपारी देतो. सुपारी घेतली की दोघांनाही मागे फिरता येत नाही. आमच्याकडे कागद करत नाहीत, आणि मला आठवतं तेव्हापासून कुणी मोडलेलं नाही.

त्या सकाळी आमच्या गड्याचं बोलणं जरा लांबलं. त्याच्या सासुरवाडीला, मेहकरला, एका शेतकऱ्यानं त्याला एक लाख चाळीस हजार देऊ केले होते. जेवण मात्र ज्याचं त्यानं बघायचं.

"मी एक सोळा देतो," अप्पा म्हणाले. "दोन्ही वेळचं जेवण घरचं."

"चोवीस हजार कमी हायेत अप्पा."

"जेवण हाय की. हाताला चव हाय. मेहकरात काय खाशील, पाव?"

गडी हसला. "व्हय, ते मात्र हाय. अक्काचं जेवण हाय म्हणूनच." त्यानं सुपारी घेतली. बाजूला बसलेले दोघं जाणते आजोबा बरं झालं म्हणाले. मी उंबऱ्याच्या आत बसून गूळ-लिंब वाटीत भरत होते. तेव्हा मला त्यात काही दिसलं नाही.

तासाभरात अण्णाची गाडी आली. वहिनी बाळीला घेऊन आत गेली, तिला दूध पाजायचं होतं. चटई अजून पसरलेली होती, ताट मधे होतं, आजोबा चहाला थांबले होते, गडीही भिंतीला टेकून बसला होता. अण्णा चपला काढून त्या चटईवर, अप्पांच्या समोर, अगदी गड्याच्या जागेवर बसला आणि आत हाक मारली:

"आई, बॅग भरली का?"

माझ्या भावाची चूक झाली ती एवढीच. हेच त्यानं स्वयंपाकघरात विचारलं असतं, आदल्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी विचारलं असतं, तर आईनं बहुतेक बॅग भरली असती. पण पाडव्याच्या दिवशी, पसरलेल्या चटईवर, सुपारीच्या ताटापुढे बसून आमच्या गावात जो कामाचं बोलतो तो सालाचंच बोलतो. बीदरला राहून तो हे विसरला होता.

आई पदराला हात पुसत बाहेर आली. दारात उभी राहिली नाही. चटईच्या कडेला बसली, पाय दुमडून, दोन्ही हात गुडघ्यांवर.

"बोल," ती म्हणाली.

"काय बोलू?"

"साल बोल माझं."

अण्णा हसला. आजोबा हसले. अप्पा तर मनापासून हसले. आई हसली नाही, आणि मग एकेक जण थांबत गेला. मी वाटी खाली ठेवली.

"आई, काय थट्टा लावलीस."

"बाई नऊ हजार म्हणाली ना? ती पाचला जाती. मी जायची न्हाई. पण मी घरची हाय, म्हणून नऊ म्हणत न्हाई. तू सांग."

"तू आईयेस. आईनं पोराकडं पैसे मागायचे? लोक काय म्हणतील?"

"बाईला दिले असते तर लोक काय म्हणाले असते?"

"ती बाहेरची."

"मग बाहेरचीला जास्त अन् घरचीला कायच न्हाई?"

अण्णानं अप्पांकडे बघितलं. अप्पा घसा साफ करून म्हणाले, "अगं, हे कायक हाय. आपल्यात काम म्हणजे पूजा. पूजेचे पैसे मागतेत व्हय?"

आई दरवर्षी बसवजयंतीच्या प्रवचनाला पहिल्या ओळीत बसते. ती म्हणाली, "कायक म्हणजे फुकट, असं कुठं हाय? तुमचं शेत बी कायकच हाय की. तुम्ही तूर फुकट घालता का बाजारात?"

एका आजोबांनी पान तोंडात टाकलं आणि आता इथून उठायचं नाही अशा बेतानं मांडी बदलली.

"अक्का, खाड्याचं आधी बोला," भिंतीकडून आवाज आला. "पैशाचं मागून ठरतं. खाडा राहून जातो."

"तू गप रे," अप्पा म्हणाले.

"गप हाय अप्पा. एकच विचारायचं हाय." गड्यानं मान खाली घातली. "अक्का बीदरला चालल्या. माझ्या सालात जेवण हाय. सुपारी झाली. मला घालणार कोण?"

अप्पांचा चेहरा मी उंबऱ्यातून बघत होते. चार दिवसांपूर्वी फोनवर 'येईल की' म्हणताना त्यांच्या मनात आई बीदरला होती आणि स्वयंपाकघरातही होती. दोन्हीकडे एकाच वेळी ती असणार नाही हे त्यांना आत्ता, या क्षणी कळलं.

"अन् माझं?" ते हळूच म्हणाले.

आणि मला तो आकडा दिसला. माझ्या शीटमध्ये, हैदराबादच्या दरांत कुठेच नसलेला आकडा तासाभरापूर्वी याच चटईवर पडला होता. मी वाक्य मनात एकदाच म्हटलं आणि बोलून टाकलं. आवाज बारीक निघाला, पण निघाला.

"अप्पा, जेवण धरून एक सोळा, आणि जेवणाशिवाय एक चाळीस. मधले चोवीस हजार आईचेच आहेत ना?"

सगळ्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. अण्णानं तर असं बघितलं जसं कपाटच बोललं.

"त्यात ज्वारी माझी हाय," अप्पा म्हणाले. "डाळ माझी, तेल माझं. जेवण म्हणजे काय तिचे हातच व्हय?"

"ज्वारी तशी खाता येत न्हाई अप्पा," गडी म्हणाला.

आजोबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. अप्पाही हसले, नाइलाजानं. पण ते बोटांवर काहीतरी मोजायला लागले होते ते मी बघितलं. आठ हजाराची ज्वारी-डाळ धरली तरी सोळा हजार उरत होते, आणि ही एका माणसाची गोष्ट. नऊ सालं हा गडी आमच्याकडे जेवत होता. आईच्या हाताला भाव आहे हे अप्पांना नऊ वर्षांपासून माहीत होतं. दर पाडव्याला त्यांनी तो बोलून दाखवला होता आणि आपल्या खिशात ठेवला होता. ठरवून नाही. ते त्यांना खरंच कधी दिसलं नव्हतं. मलाही दिसलं नव्हतं, तासाभरापूर्वीपर्यंत.

अण्णा हरणारा नाही. पण तो वाईटही नाही. त्यानं पाठ सरळ केली. "बरं. पैसे देतो. पाच हजार महिन्याला. तू सांगशील तेव्हा औरादला सोडतो, साड्या, दवाखाना, सगळं बघतो. झालं? पण हे साल वगैरे नको बाबा. घरचं माणूस ते घरचं. सुरुवात, शेवट असलं काय करायचं?"

मला वाटलं ती हो म्हणणार. तिच्यापुढे पैसे ठेवले होते, मुलगा नमला होता, बघायला गाव होता.

"मग नको," आई म्हणाली.

"आता काय झालं?"

"पैसे नसले तरी चालंल एखाद वेळ. साल पाहिजे." तिनं गड्याकडे हात केला. "हा बघ. पाडव्याला सुटतो. एक दिवस का असंना, सकाळी उठून म्हणतो, आता मी कुणाचाच न्हाई, कुठं बी जाईन. मग बसतो बोलायला. आवडलं तर राहतो. मी बत्तीस वर्षांत एक दिवस असा बघितला न्हाई. तुमचं झालं, मग आत्याबाईंचं केलं. आता तुझ्या पोरीचं करते, मला आवड हाय तिची. पण पुढच्या पाडव्याला मी सुटले पाहिजे. कुणी विचारलं पाहिजे मला, राहतीस का म्हणून."

ती हे भांडून बोलत नव्हती. भाव सांगताना माणूस बोलतो तसं, सरळ सांगत होती. अण्णा चटईच्या कडेचा धागा ओढत राहिला.

तेवढ्यात वहिनी बाहेर आली. बाळी तिच्या खांद्यावर झोपली होती. वहिनी कलबुर्गीची, घरात कन्नड बोलणारी. तिचं मराठी जपून टाकलेल्या पावलांसारखं असतं. सासरच्या ओट्यावर चार माणसांत ती कधी बसलेली मी बघितली नव्हती. ती बसली, आईच्या समोर, अण्णाला थोडं सरकवून.

"अत्ते, पगार माझा आहे. म्हणून मी बोलते," ती म्हणाली. सासूला ती कन्नडसारखं अत्ते म्हणते. "पाडवा ते पाडवा. सात हजार. महिन्याला चार दिवस सुट्टी. भांडी अन् फरशीला मी बाई लावते, ते तुमच्यात नाही. बाळ आणि स्वयंपाक. रात्री बाळ उठलं तर मी किंवा हे."

"हे म्हणजे मी?" अण्णा म्हणाला.

"तुम्हीच."

"स्वयंपाक एक वेळचा," आई म्हणाली. "सकाळचा. रात्री मिळून करायचं."

"एक वेळचा."

"साडेसात."

वहिनीनं क्षणभर विचार केला. "साडेसात. पण सुट्टी आधी सांगायची अत्ते. माझी ड्यूटी असते. मलापण रजा मोजूनच मिळते, मला माहीत आहे एका दिवसाचं काय होतं."

"सांगीन. अन् उचल पाहिजे. दहा हजार."

"उचल कशाला आई?" अण्णाचा आवाज आता केविलवाणा झाला होता. "आम्ही कुठं पळून चाललो?"

"उचल दिली न्हाई तर उद्या बीदरात गेल्यावर तुम्ही म्हणाल, पाडव्याला मजा झाली."

वहिनीच्या पर्समध्ये साडेतीन हजार निघाले. तिनं ते चटईवर ठेवले आणि अण्णाकडे बघितलं. अण्णानं पाकीट काढलं, आतल्या कप्प्यातून नोटा मोजल्या, तीनशे कमी पडले. ते भिंतीकडून आले. "माझ्या उचलीतले हायेत, मागून द्या परत, अण्णा," गडी म्हणाला, "व्याज नको."

वहिनीनं ताटातली सुपारी घेतली. बाळीला सावरत एका हातानं ती आईपुढे धरली. आईनं दोन्ही हातांनी घेतली. मी आजवर पास झालेल्या कुठल्याच परीक्षेचा मला एवढा आनंद झाला नव्हता. उठून आत गेले आणि तांब्याभर पाणी प्यायले.

अप्पांचा प्रश्न मात्र राहिला होता. शेजारची एक बाई त्यांना आणि गड्याला दोन वेळ जेवण करून द्यायला तयार झाली, महिना तीन हजारांवर. ते ऐकून अप्पा म्हणाले, "दोन माणसांच्या भाकरीला तीन हजार?" आई बॅगेत साड्या घालत होती. म्हणाली, "वाढवंल ती पुढच्या साली. तुमची जेवायची वेळ तिला अजून माहीत न्हाई."

हे सगळं झाल्याला आता दहा महिने झाले. मला कलबुर्गीत नोकरी लागली. सगळं ठरल्याबरहुकूम चाललं असं नाही. पहिल्या महिन्यात आईनं एकही सुट्टी घेतली नाही, कारण बाळीला ताप होता. दुसऱ्या महिन्यात सुट्टीला ती गावी गेली आणि दोन दिवस अप्पांचं स्वयंपाकघर घासत बसली. तेव्हापासून ती सुट्टीला कमठाण्याला मावशीकडे जाते, तिथं तिला कुणी उठू देत नाही. एका रविवारी अण्णानं न सांगता सहा पाहुणे आणले. आईनं स्वयंपाक केला, आणि तो दिवस सुट्टीत धरून पुढच्या मंगळवारी निघून गेली. त्या मंगळवारी अण्णानं ऑफिस बुडवून बाळी सांभाळली. संध्याकाळी त्यानं मला फोन केला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "ती दिवसभर काही करत नाही ग, ही पोरगी. अन् तरी आपल्याला काही करता येत नाही." मी बरं म्हटलं. माझ्या शीटमधल्या त्या राहिलेल्या रकान्याबद्दल त्याला सांगावंसं वाटलं, पण वाक्य जुळेपर्यंत त्यानं फोन ठेवला.

आणि आता मजा सुरू झाली आहे. चांगल्या गड्याला पाडव्याच्या दोन महिने आधीपासून निरोप यायला लागतात, तसे आईला येताहेत, आणि ते माझ्यामार्फत येताहेत. वहिनीनं मला विचारलं, अत्ते नऊ म्हणतील का, की साडेआठवर ठरेल. बाळी आता चालते, आता त्रास जास्त आहे हे तिला मान्य आहे. अप्पांनी स्वयंपाकघरात उभं राहून करायचा कट्टा बांधून घेतला. बत्तीस वर्षं आई खाली बसूनच करत होती. त्याचे चार फोटो त्यांनी मला पाठवले आणि लिहिलं, 'सहज पाठवले. आईला दाखव.' औरादच्या खानावळवाल्यानं निरोप धाडला आहे की त्याला आता उदगीरहूनही मागणी आहे, अक्कांनी हाताखाली चार बाया घेऊन बसावं, जागा तो देईल.

गेल्या आठवड्यात तिच्या सुट्टीला मीही कमठाण्याला गेले. मावशीच्या अंगणात ती बाजेवर आडवी पडली होती, पायात पाय अडकवून. मी तिला तिन्ही निरोप सांगितले, फोटो दाखवले. कट्ट्याचा फोटो तिनं बोटांनी मोठा करून बघितला. "उंची जास्त झाली," म्हणाली. फोन परत दिला.

"मग काय सांगू त्यांना?"

"कुणाला?"

"सगळ्यांनाच. वहिनी रोज विचारतेय."

"विचारू दे की."

"तू ठरवलंयस का?"

तिनं डोळे मिटून घेतले. तोंडावर असं काही होतं जे मी तिच्या तोंडावर कधी बघितलं नव्हतं. पत्ते चांगले आलेल्या माणसाचं असतं तसं.

"तुला बी न्हाई सांगणार," ती म्हणाली. "तुझ्या पोटात राहत न्हाई अलीकडं."

मी ऑफिसात पाडव्याची रजा टाकून ठेवली आहे. आदल्या दिवशीच गावी पोचणार आहे, ओट्यावर जागा मिळायला हवी म्हणून. यंदा मी उंबऱ्याच्या आत बसणार नाही.